आधी वाट, मग झेप : संकटकाळी लढाऊ विमानाचे झाकण कसे उडते

पावसाळा सरून आकाश निवळले की आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांत कधी कधी एक कर्कश गर्जना ऐकू येते. आवाजाच्या दिशेने मान वर करून पाहावे, तो विमान केव्हाच पुढे निघून गेलेले असते. बीदर येथे भारतीय वायुदलाचा तळ असून हॉक नावाच्या जेट विमानांवर तेथे तरुण वैमानिकांस शिक्षण देण्यात येते, आणि उमरग्यापासून हे ठिकाण सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. असेच एक विमान डोक्यावरून गेले असता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, वर तर काच घट्ट बंद असते. मग विमान पेटले तर वैमानिक बाहेर पडतो कसा?"

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना आमचा एक अख्खा तास संपला आणि तरीही पुष्कळ सांगावयाचे राहिले. तेच येथे विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असा विचार आहे.

प्रथम हे झाकण कशासाठी असते ते पाहू. वैमानिकाच्या डोक्यावर जो पारदर्शक घुमट दिसतो त्यास कॅनॉपी म्हणतात. तो बहुधा काचेचा नसून ऍक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या जातींपैकी एकाचा केलेला असतो. त्याची कामे तीन. समोरून येणारा प्रचंड वारा अडवावयाचा, वाटेत आदळणाऱ्या पक्ष्याचा आघात सोसावयाचा, आणि आतील हवा आत कोंडून ठेवावयाची. बारा किलोमीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या सुमारे पंचमांश एवढाच उरतो, म्हणून वैमानिकाच्या कक्षात हवा दाबून भरावी लागते. आतील व बाहेरील दाबांत दर चौरस सेंटीमीटरास 350 ग्रॅमचा फरक आहे असे धरा. हा आकडा लहान वाटेल. पण झाकणाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे 15,000 चौरस सेंटीमीटर धरले, तर त्यास आतून बाहेर ढकलणारा जोर सव्वापाच हजार किलोंचा होतो! एवढा जोर ज्यांनी पेलावयाचा, ते झाकणाचे आकडे व बिजागऱ्या किती भक्कम असावयास हव्यात, हे आता निराळे सांगावयास नको.

अडचण येथेच उभी राहते. जे इतके भक्कम बंद केले, तेच संकटाच्या क्षणी पापणी लवते न लवते तोच नाहीसे झाले पाहिजे. ही अडचण आपल्या लोकांस अपरिचित नाही. ता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. उमरगा-लोहारा भागातील दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदे यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांचे ऊन व थंडी यांपासून रक्षण केले होते. त्या पहाटे त्याच छपरांखाली सापडून हजारो माणसे गेली. रक्षण करणारे आवरण बाहेर जाण्याची वाट देत नसेल, तर तेच प्राणघातक ठरते. विमानाची रचना करणारास हा प्रश्न झाकणाचे पहिले चित्र काढतानाच सोडवावा लागतो.

आता थोडे मागे जाऊ. ता. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापुराहून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गास आले. उमरगा घेऊन ते दुसऱ्या दिवशी राजेश्वराकडे निघाले. त्या मार्गावरील दबा धरलेली ठाणी मोडण्यासाठी वायुदलाची टेम्पेस्ट विमाने बोलाविण्यात आली होती. जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्या विमानांच्या आठवणी आपल्या नातवंडांस सांगितल्या आहेत. ती विमाने पंख्याची होती आणि त्यांचा पराकाष्ठेचा वेग ताशी सातशे किलोमीटरांच्या आसपास होता. अशा विमानांवर संकट आले तर वैमानिकाने हाताने खटका ओढून झाकण सोडून द्यावयाचे, पट्टे सोडावयाचे, आणि स्वतःच्या बळाने बाहेर चढून किंवा विमान उलटे करून त्यातून खाली पडावयाचे. मग पाठीवरील हवाई छत्री उघडावयाची. वेग कमी आणि उंची पुरेशी असेल तर हे साधत असे. नसेल तर नाही.

जेट विमाने आली आणि ही रीत अपुरी पडली. ताशी 800 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 222 मीटर. भूपृष्ठाजवळ या वेगाने येणारा वारा दर चौरस मीटरावर सुमारे 3000 किलोंचा दाब देतो. माणसाच्या छातीचे व डोक्याचे क्षेत्रफळ त्याच्या चौथा हिस्सा जरी धरले, तरी साडेसातशे किलोंचा भार झाला. तो अंगावर घेऊन कोणता मल्ल उठून उभा राहील? राहिलाच, तर मागील उभ्या शेपटीवर आपटण्याचे भय वेगळेच. म्हणून वैमानिकास आसनासकट वर फेकण्याची युक्ती निघाली. तेच इजेक्शन सीट होय. ता. 13 जानेवारी 1942 रोजी जर्मनीत हेल्मुट शेंक हा वैमानिक अशा आसनाच्या योगे वाचला. त्याचे हाइन्केल 280 हे विमान दोराने ओढले जात असता बर्फाने जखडले गेले. तेव्हा त्याने आधी झाकण उडविले आणि मग दाबलेल्या हवेच्या जोरावर आसन वर फेकले. इंग्लंडात बर्नार्ड लिंच याने ता. 24 जुलै 1946 रोजी मार्टिन-बेकर कंपनीच्या आसनाची उडत्या विमानातून स्वतःवर परीक्षा घेतली. पुढे या एकाच कंपनीच्या आसनांनी जगभर सात हजारांहून अधिक माणसांचे प्राण वाचविले आहेत.

शेंकच्या हकिकतीत आपला सर्व पाठ सामावला आहे. आधी झाकण, मग आसन. हा क्रम उलटला तर वाचविणारे यंत्रच वैमानिकाचे डोके झाकणावर आपटेल. ही आधीची वाट मोकळी करण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली रीत म्हणजे अखंड झाकणच उडवून देणे. वैमानिक दोन्ही पायांमधील किंवा आसनाच्या बाजूची मूठ ओढतो. त्यासरशी काडतुसे पेटतात व त्यांचा उष्ण वायू बारीक नळ्यांतून झाकणाच्या आकड्यांकडे धावतो. वायूच्या दाबाने दट्ट्या सरकतो व सर्व आकडे एकदम सुटतात. लगेच दुसरे दट्टे किंवा लहान रॉकेटे झाकणाची पुढील कड वर उचलतात. येथून पुढचे काम वाराच करतो. वळवाच्या वादळात घरावरील पत्रे कसे उडतात, हे आपणांपैकी कोणी पाहिले नाही? पत्र्यावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचा दाब कमी होतो, खालची हवा पत्र्यास वर रेटते, आणि एकदा का कड उचलली गेली की वारा तिच्याखाली शिरून अख्खा पत्रा शेजारच्या शिवारात नेऊन टाकतो. म्हणूनच आपण पत्र्याच्या कडेवर दगड ठेवतो. विमानाचे आकडे म्हणजे ते दगड होत. ते काढून घेतले की वक्राकार झाकणावरून वाहणारा वारा आणि आतील कोंडलेली हवा मिळून झाकणास ओढून नेतात. पुढील कड आधी उचलावयाची आणि मागील बिजागरी शेवटी सोडावयाची, कारण तसे केले तरच झाकण वैमानिकाच्या डोक्यावरून उंच मागे जाते.

झाकण गेले की नाही हे यंत्रास कसे समजावे? पुष्कळ विमानांत यासाठी सेकंदाच्या तीन-चार दशांशांचा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. काहींत उडणाऱ्या झाकणाशीच एक तार जोडलेली असते व ती ओढली गेल्यावाचून आसनाचे काडतूस पेटतच नाही. दोन आसनांच्या विमानात मागील माणूस आधी व पुढील नंतर बाहेर पडतो, नाही तर पुढच्याच्या रॉकेटची ज्वाळा मागच्यास भाजून काढील. हे सर्व होऊन हवाई छत्री उघडेपर्यंत, विमान जमिनीजवळ असल्यास, अवघी दोन-तीन सेकंदे जातात.

याच संदर्भात मिग-21 ची एक विलक्षण गोष्ट सांगण्याजोगी आहे. नाशिकजवळ ओझर येथे 1964 मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात या जातीची विमाने पुढे बांधली गेली, आणि ता. 26 सप्टेंबर 2025 रोजी त्यांस वायुदलातून निरोप देण्यात आला. त्यांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यात झाकण वैमानिकाच्या आधी जात नसे. ते आसनाबरोबरच बाहेर पडे व ढालीप्रमाणे वैमानिकास वाऱ्यापासून झाकीत असे. कल्पना चतुर होती; परंतु ढाल वेळेवर सुटून दूर व्हावयास हवी आणि त्यास उंची लागते. पुढील नमुन्यांत ही रीत सोडून झाकण व आसन पुन्हा निरनिराळे करण्यात आले. चतुर युक्तीपेक्षा साधा क्रम अधिक भरवशाचा ठरला.

दुसरी रीत सर्वांत सोपी. आसनाच्या माथ्यावर पोलादी टोके बसवावयाची, आणि आसन वर जाताना त्यांनीच झाकण फोडावयाचे. झाकण पातळ ऍक्रिलिकचे असेल तर हे जमते, कारण तो पदार्थ ठिसूळ आहे. पॉलिकार्बोनेट मात्र चिवट असते. ते पक्ष्याचा आघात उत्तम सोसते, पण त्याच गुणामुळे सहजी फुटत नाही. अशा झाकणास अखंड उडविणेच इष्ट. पदार्थाचा एक गुण एका कामी मित्र आणि दुसऱ्या कामी शत्रू होतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरी रीत आमच्या मते सर्वांत विचार करण्यासारखी आहे. गोव्यात दाबोळी येथे 2016 पर्यंत आपल्या नौदलाची सी हॅरियर विमाने होती. ती हवेत जागच्या जागी तरंगू शकत आणि सरळ खाली उतरत. अशा वेळी पत्रा उडवावयास वाराच कोठे असतो? विमान जमिनीपासून हाताच्या अंतरावर, वेग शून्य, आणि वेळ क्षणाचा. तेथे झाकण उडण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून झाकणाच्या आतील अंगास एक बारीक स्फोटक दोरी नागमोडी चिकटविलेली असे. बीदरच्या हॉक विमानांतही हीच योजना आहे. त्यांचे छायाचित्र नीट पाहिल्यास झाकणावर वेड्यावाकड्या रेघांसारखी ती दोरी दिसते.

ही दोरी म्हणजे शिशाच्या अति बारीक नळीत भरलेली प्रखर स्फोटक द्रव्ये होत. आपल्याकडे विहीर खोदताना सुरुंगास वात लावतात, ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती वात मीटरभर जळावयास दीड-दोन मिनिटे घेते, म्हणूनच माणसे दूर पळू शकतात. विमानातील दोरी जळत नाही. तिच्यातून स्फोटच धावतो, आणि त्याचा वेग सेकंदाला सहा किलोमीटरांच्या घरात असतो. सहा मीटर लांबीची दोरी या हिशेबाने सेकंदाच्या एक हजारांश भागात संपते! तिच्याखालील ऍक्रिलिक त्या रेषांवर तडकते, तुकडे बाहेर फेकले जातात, आणि वर येणारे आसन उरलेला भाग सहज पार करते. स्फोट बाहेरच्या बाजूस जावा म्हणून दोरीच्या आतील अंगास रबरासारख्या पदार्थाचे कवच दिलेले असते. तरीही शिशाचे कण अंगावर उडण्याचा संभव राहतोच, म्हणून वैमानिकाने शिरस्त्राणाचा पडदा डोळ्यांवर ओढलेला ठेवावयाचा आणि हातमोजे काढावयाचे नाहीत, असा शिरस्ता आहे.

ही विद्या आता आपल्या देशातही साधली आहे, आणि तिचे घर महाराष्ट्रात आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याजवळ पाषाण येथे संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आहे. तेजस या स्वदेशी लढाऊ विमानाचे झाकण छेदणारी योजना पुण्यातील संशोधकांनी सिद्ध केली. तिचे दोन भाग आहेत. एक उड्डाणात चालतो व आसनाची मूठ ओढताच आपोआप कार्य करतो. दुसरा जमिनीसाठी आहे : विमान धावपट्टीवर आपटून झाकण अडकले, तर आसन न उडविता केवळ झाकण कापून वैमानिकास बाहेर काढता येते. अशा योजनांची परीक्षा घेण्यासाठी चंडीगडनजीक रुळांची लांब वाट बांधलेली आहे. तिच्यावरून विमानाचा पुढील भाग रॉकेटांच्या जोरावर पळवितात व आत माणसाऐवजी उपकरणे भरलेला पुतळा बसवितात. तेजसच्या पुढील भागाची अशी चाचणी ताशी 800 किलोमीटर वेगाने यशस्वी झाल्याचे वृत्त डिसेंबर 2025 च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. झाकण छेदले जाणे, आसन सुटणे आणि पुतळा सुखरूप खाली येणे, हे सर्व तीत पडताळून पाहिले गेले.

प्रयोगशाळेबाहेरची परीक्षा मात्र कोणाला सांगून येत नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात ता. 27 जून 2018 रोजी आणि पुन्हा ता. 4 जून 2024 रोजी सुखोई-30 विमाने शेतांत कोसळली. दोन्ही प्रसंगी विमानातील दोघेही वैमानिक बाहेर पडून वाचले. ता. 12 मार्च 2024 रोजी जैसलमेरनजीक तेजस कोसळले, तेव्हाही वैमानिक वाचला. ता. 21 नोव्हेंबर 2025 रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळले, तेव्हा मात्र वैमानिकास प्राणास मुकावे लागले. कारणांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे; पण ज्या कामात सेकंदाच्या दशांशाचा हिशेब ठेवावा लागतो, तेथे उत्तमातले उत्तम यंत्रही प्रत्येक वेळी जय देईल असे म्हणता येत नाही, ही जाणीव आपण नम्रपणे बाळगावी.

या विषयास आणखी एक बाजू आहे. जे संकटात निमिषार्धात सुटावयास हवे, ते संकट नसताना मुळीच सुटता कामा नये. ता. 14 ऑक्टोबर 2014 रोजी पुण्यास उतरू पाहणारे एक सुखोई-30 थेऊरनजीक पडले. वैमानिकांनी मूठ ओढली नसताना आसने आपोआप सुटली, असे त्यावेळी वायुदलाकडून सांगण्यात आले होते. दोघेही वाचले, पण विमान गेले. असे प्रसंग टाळण्यासाठी जमिनीवर असताना आसनाच्या व झाकणाच्या खटक्यांत पिना अडकवितात आणि त्यांना लाल फिती बांधतात. उड्डाणापूर्वी त्या काढून मोजतात, उतरल्यावर पुन्हा लावून मोजतात. एक जरी कमी भरली तरी काम थांबते. मोजणे हे कंटाळवाणे काम खरे. पण माणसाचा जीव कित्येकदा अशाच कंटाळवाण्या कामावर अवलंबून असतो.

आता विद्यार्थ्यांनी व्यवहारात लक्षात ठेवावयाच्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. पहिली अशी की, दैववशात आपल्या शिवारात एखादे विमान पडले, तर कुतूहलाने अवशेषांजवळ जाऊ नये. झाकणाची दोरी, आसनाची काडतुसे व रॉकेटे यांपैकी काही न उडता तशीच राहिलेली असू शकतात. आसनाची मूठ दिसली तर तिला हातही लावू नये आणि कोणताही तुकडा घरी आणू नये. छत्रीने उतरलेला वैमानिक आढळला तर त्यास धीर द्यावा, पण त्याच्या आसनापासून दूर राहावे, आणि पोलिसांस तत्काळ कळवावे.

दुसरी गोष्ट विमानाची नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सभागृहात संमेलन चालू असता विजेच्या तारेतून धूर निघाला. मागील दरवाजा होता. परंतु त्यास कुलूप होते आणि किल्ली ज्याच्यापाशी होती तो गृहस्थ जेवावयास गेला होता. पुढच्या एकाच दारातून मुलांची रेटारेटी झाली. सुदैवाने धूर विझला व खरचटण्यापलीकडे कोणास काही झाले नाही. तेथील मुलांस सांभाळणाऱ्यांत आम्हीही होतो आणि त्या दाराकडे आधी पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते, हे आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून कोठेही मुले जमावयाची असली की आम्ही प्रथम मागील दाराची कडी स्वतः काढून पाहतो.

दार बांधणाराने ते भक्कम बांधावे, यात वाद नाही. पण ते कोणत्या क्षणी, कोणाच्या हाताने आणि किती वेळात उघडेल, हा प्रश्न त्याने त्याच दिवशी सोडविला पाहिजे. त्या नववीतील विद्यार्थ्यास आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "बाळ, वैमानिक उडी मारतो ती नंतर. त्याच्यासाठी वाट करून ठेवणारे हात कित्येक वर्षे आधी राबलेले असतात." आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे विमान चालवील, कोणी त्याचे झाकण रचील, कोणी केवळ शाळेचे दार सांभाळील. तिघांचेही काम एकाच मोलाचे आहे.